इयत्ता चौथी, पुस्तक दुसरीचं

आपल्याकडे लहान मुलाला पुस्तक भेट द्यायचं ठरलं की दुकानात पहिला प्रश्न येतो तो ‘कितवीला आहे?’ हा. चौथीला आहे म्हटलं की दुकानदार एका फळीकडे बोट दाखवतो. गिऱ्हाईक त्यातल्या त्यात जाडजूड, चांगल्या मुखपृष्ठाचं पुस्तक उचलतं, पहिल्या पानावर मुलाचं नाव आणि ‘सप्रेम भेट’ लिहितं आणि मराठीची थोडी सेवा घडली या समाधानात घरी जातं. ते पुस्तक त्या मुलाला वाचता येईल का, हा प्रश्न दुकानदारही विचारत नाही आणि गिऱ्हाईकही. चौथीतल्या मुलाला चौथीचं वाचता येणारच, हे सगळ्यांनी धरलेलंच असतं.

मी सरकारी कारकून. नमुने आणि रकाने यांच्यात अर्धं आयुष्य गेलं. विद्यार्थ्यांची माहिती भरायचे कितीतरी नमुने आजवर डोळ्यांखालून गेले. नाव, जन्मतारीख, इयत्ता, पालकांचा व्यवसाय, उत्पन्न असं सगळं त्यांत असतं. ‘मुलाला काय वाचता येतं’ असा रकाना मात्र एकाही नमुन्यात पाहिलेला नाही. मागे एकदा शाळांसाठी पुस्तकं खरेदी करण्याची एक फाइल माझ्या टेबलावरून गेली. पुस्तकाचं नाव, लेखक, किंमत, सवलत, प्रती... सगळं चोख. थोर पुरुषांची चरित्रं सगळ्यात जास्त. कुठलं पुस्तक कुठल्या मुलाला झेपेल, हे लिहायला जागाच नव्हती. आणि ज्याला रकाना नाही ती गोष्ट सरकारदरबारी अस्तित्वातच नसते, हे आमच्या पेशातल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

हे सगळं एवढं डोक्यात घोळायला लागलं ते सुरतेमुळे.

माझी धाकटी बहीण लग्न होऊन सुरतेला गेली त्याला आता चौदा वर्षं होतील. मेव्हणे मूळचे अमळनेरकडचे. त्यांचे वडील लूमवर कामाला म्हणून सुरतेला आले आणि तिथलेच झाले. सुरत म्हटली की आम्हा गोवेकरांना शिवाजी महाराजांच्या दोन स्वाऱ्या आठवतात, नाहीतर साड्या आणि हिरे. पण लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांत एकदा फिरून यावं. दुकानावरची पाटी गुजराती आणि आतलं बोलणं थेट खानदेशी! तापी नदी जशी खानदेशातून वाहत येऊन सुरतेपाशी समुद्राला मिळते, तशीच जळगाव, धुळे, नंदुरबारची माणसंही त्याच वाटेने पोटासाठी इथे उतरली. ओडिशातून आली, उत्तर प्रदेशातून आली, तेलुगू मुलखातून आली. म्हणूनच सुरत महापालिकेच्या प्राथमिक शाळा गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा माध्यमांतून चालतात. एका शहराने एवढ्या भाषांतून मुलांना शिकवायचं, ही मला तरी फार मोठी गोष्ट वाटते.

माझा भाचा तिथल्याच एका मराठी शाळेत चौथीला होता तेव्हाची ही गोष्ट. दिवाळीच्या सुटीत मी दहा-बारा दिवस बहिणीकडे राहायला गेलो होतो. मुलगा चलाख. पतंगाचा मांजा, क्रिकेटचे आकडे, गल्लीतल्या प्रत्येक रिक्षावाल्याचं नाव, सगळं तोंडपाठ. आजीशी अहिराणीत बोलतो, आईशी कोकणीत, गल्लीत गुजरातीत, टीव्हीसमोर हिंदीत आणि शाळेत मराठीत. नऊ वर्षांच्या पोराच्या जिभेवर पाच भाषा! आणि बहीण मला पहिल्याच रात्री बाजूला घेऊन काय सांगते, तर ‘दादा, याला डोकं कमी आहे रे. पुस्तक उघडलं की गप्प होतो. ह्यांचं म्हणणं, पुढच्या वर्षी शाळाच बदलूया.’

फळीवर त्याची पुस्तकं होती. कुठल्याशा स्पर्धेत मिळालेलं एका राष्ट्रपुरुषाचं चरित्र, अजून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. कुणा काकांनी वाढदिवसाला दिलेली ‘श्यामची आई’. तिच्या पहिल्या चार-पाच पानांच्या कडा जरा मळलेल्या, पुढचं सगळं कोरं. म्हणजे पोराने प्रयत्न केला होता. हे मळलेले कोपरे पाहून मला वाटलं, याच्या डोक्याबद्दल बोलण्याआधी जरा पुस्तकाबद्दल बोलायला हवं.

अमेरिकेतल्या शाळांत एक साधी युक्ती वापरतात. पुस्तकाचं मधलंच एखादं पान उघडायचं आणि मुलाला मोठ्याने वाचायला सांगायचं. जिथे तो अडेल किंवा शब्द कळणार नाही तिथे एक बोट मिटायचं. पान संपेपर्यंत दोन-तीन बोटं मिटली तर पुस्तक त्याच्या जोगं. पाचही मिटली तर ते पुस्तक आज त्याचं नाही. एकही मिटलं नाही तर मजेसाठी खुशाल वाचावं. मात्र आपल्याकडच्या छोट्यांच्या पुस्तकांत पानाला कधीकधी दहाच शब्द असतात, तिथे ही मोजणी कामाची नाही. पानावर निदान चाळीस-पन्नास शब्द हवेत.

भाच्याची पाच बोटं तिसऱ्या ओळीतच मिटली. पण ती कशामुळे मिटली हे बघण्यासारखं होतं. काही शब्द त्याला वाचताच येत नव्हते, जोडाक्षर आलं की गाडी थांबायची. रफार तर त्याला दिसतच नव्हता. याला कारणही होतं. गुजराती तो त्याच वेळी शिकत होता आणि त्या लिपीला डोक्यावर रेघ नाही, च, ज, झ, फ अशी काही अक्षरं अगदी निराळी. दोन लिप्या एकदम शिकणारं मूल थोडे दिवस दोन्हींत अडखळणार, यात नवल ते काय? उलट काही शब्द तो धडाधड वाचत होता आणि अर्थ मात्र ठाऊक नव्हता. ‘पडवी’ असं स्वच्छ वाचलं आणि मला विचारलं, ‘मामा, पडवी म्हणजे काय?’ दोन खोल्यांच्या घरात वाढलेल्या सुरतेच्या पोराने पडवी कुठे पाहिलेली असणार? आम्हा गोवेकरांचं बालपण पडवीत गेलं, म्हणून आम्हाला तो शब्द सोपा वाटतो.

तेव्हा अडचणी दोन होत्या, आणि दोन्हींचा डोक्याशी काही संबंध नव्हता. घरी आजी ‘मना’ म्हणते आणि पुस्तकात ‘माझा’ असतं. आजी ‘कथा’ विचारते, पुस्तक ‘कुठे’ विचारतं. गोव्यातल्या वाचकांना हे सांगायला नको. आपली पोरं घरी ‘म्हजो’ आणि ‘खंय’ म्हणतात आणि शाळेत जाऊन ‘माझा’ आणि ‘कुठे’ वाचतात. आपल्या बहुतांश सरकारी प्राथमिक शाळा मराठी माध्यमाच्या आहेत. म्हणजे डिंडोलीतल्या खानदेशी पोराची आणि पेडणे-सत्तरीतल्या आपल्या पोराची अवस्था फारशी वेगळी नाही. मराठी ही दोघांचीही जवळची भाषा, पण चुलीपुढची नव्हे. चुलीपासून पुस्तकापर्यंत जायला त्यांना एक-दोन पायऱ्या जास्त चढाव्या लागतात. त्या पायऱ्यांची पुस्तकं हातात दिली नाहीत तर पोर खालीच उभं राहणार आणि वरून आपण म्हणणार, ‘ह्याला वाचनाची आवडच नाही!’

बरं, हे एकट्या भाच्याचं रडगाणं नाही. ‘प्रथम’ ही संस्था १९९०च्या दशकात मुंबईच्या वस्त्यांत सुरू झाली. तिच्या पुढाकाराने २००५ पासून ‘असर’ नावाची पाहणी होते. स्वयंसेवक खेड्यापाड्यांत घरोघर जातात आणि प्रत्येक मुलाला एकेकटं बसवून वाचायला लावतात. त्यात अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट अशा पायऱ्या असतात. २०२२ साली देशाच्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचू शकणारी मुलं होती ४२.८ टक्के. २०२४ साली हा आकडा ४८.८ टक्क्यांवर आला. सुधारणा आहे, आनंदच आहे. पण याचा अर्थ असा की पाचवीच्या वर्गातलं जवळजवळ दर दुसरं मूल दुसरीचं पुस्तक वाचू शकत नाही आणि आपण त्याच्या हातात पाचवीचं देतो आहोत. माझ्या त्या नमुन्यांत जो रकाना नव्हता, तो या पाहणीने पहिल्यांदा देशभर उघडला असं मी समजतो.

बहिणीला मी हे आकडे सांगितले. तिचं उत्तर रोखठोक होतं. ‘म्हणजे आता याला दुसरीचं पुस्तक द्यायचं? चौथीतल्या पोराला? त्याचे मित्र हसतील.’

खरी मेख इथे आहे. अडचण लाजेची आहे. खालच्या इयत्तेचं पुस्तक हाती घेणं म्हणजे नापास होणं, अशी आपली ठाम समजूत. मुलाचीही तीच. आणि या लाजेला उत्तर म्हणून मी तिला सुरतेच्या शेजारच्याच एका मुलाची गोष्ट सांगितली.

हा मुलगा मालेगावजवळच्या कवळाणे गावचा, शेतकरी कुटुंबातला. वयाची बारा वर्षं उलटली तरी लिहिण्यावाचण्याशी त्याचा संबंध जेमतेम. १८७५ साली त्याला बडोद्याला नेऊन दत्तक घेतलं आणि गोपाळचे सयाजीराव गायकवाड झाले. आता बारा वर्षांच्या राजाला शिकवायचं तर सुरुवात कुठून करणार? बारा वर्षांच्या मुलाचं पुस्तक द्यायचं म्हणून दिलं असतं तर राजा आयुष्यभर निरक्षर राहिला असता. त्याला अगदी पहिल्या पायरीपासून शिकवलं गेलं. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा भाषा, आणि तरी सहा वर्षांनी, १८८१ साली, तो राज्यकारभार हाती घ्यायला तयार झाला. पुढे याच माणसाने १८९३ साली अमरेली भागात सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६ साली ते सगळ्या संस्थानाला लागू केलं. सुरतेला लागून असलेली नवसारी तेव्हा बडोदे संस्थानातच होती. १९१० साली अमेरिकेतून बोर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावून त्यांनी गावोगावी ग्रंथालयं उभी केली. ज्या गावात ग्रंथालय नाही तिथे पुस्तकांच्या पेट्या फिरवल्या. मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी वेगळा विभाग ठेवला. वाचनाची खालची पायरी स्वतः चढलेला माणूस ती दुसऱ्यांसाठी बांधायला विसरला नाही, असं मला यातून दिसतं.

बहिणीला मी एवढंच विचारलं, ‘राजाच्या हाती बाराव्या वर्षी बाराखडी दिली तर कुणी हसलं नाही. लूमवरच्या माणसाच्या नातवाला नवव्या वर्षी दुसरीचं पुस्तक दिलं तर का हसायचं?’ ती काही बोलली नाही, पण चहा मात्र पुन्हा टाकला. आमच्या घरात त्याचा अर्थ ‘पुढे बोल’ असा होतो.

त्याच बडोद्यात शंभर-सव्वाशे वर्षांनी आणखी एक गोष्ट घडली. २००१ ते २००३ या काळात ‘प्रथम’ने मुंबई आणि वडोदरा इथल्या महापालिकेच्या शाळांत ‘बालसखी’ नावाचा उपक्रम चालवला. वस्तीतलीच शिकलेली एखादी मुलगी मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास वर्गाबाहेर घेऊन बसायची आणि त्यांना जिथून येत नाही तिथून शिकवायची. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कामाचं मोजमाप केलं. फायदा झाला आणि तो सगळ्यात मागे असलेल्या मुलांना जास्त झाला, असं त्यात दिसून आलं. पुढे ‘प्रथम’ने याचीच पद्धत बसवली. दिवसाचा काही वेळ तिसरी ते पाचवीच्या मुलांना इयत्तेप्रमाणे न बसवता वाचता येण्याप्रमाणे बसवायचं. अक्षरवाले एकीकडे, शब्दवाले एकीकडे, गोष्टवाले एकीकडे. मूल पुढे गेलं की त्याचा गट बदलायचा. बॅनर्जी आणि डुफ्लो यांना २०१९ साली मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा या कामाचीही जगभर चर्चा झाली. शोध केवढा, तर मुलाला येतं तिथून शिकवा! आपली आजी हे न शिकताच करत होती. भाकरी थापायला शिकवताना तिने कधी ‘तू आठवीत आहेस, तेव्हा आठ भाकरी थाप’ असं म्हटल्याचं कुणाला आठवतं का?

सुरतेचा विषय निघालाच आहे तर आणखी एका मराठी माणसाचं नाव घेतलं पाहिजे. दादोबा पांडुरंग तर्खडकर. मराठी भाषेचं व्याकरण त्यांनी १८३६ साली छापलं. ते १८४०च्या दशकात सुरतेच्या इंग्रजी शाळेत शिक्षक होते. दुर्गाराम मेहताजींबरोबर त्यांनी १८४४ साली तिथे ‘मानवधर्म सभा’ काढली, ही गोष्ट इतिहासात नोंदलेली आहे. मला मात्र त्यांची दुसरी गोष्ट जास्त आवडते. मोठं व्याकरण लिहून झाल्यावर त्यांनी पुढे शाळकरी मुलांसाठी ‘मराठी लघुव्याकरण’ही लिहिलं. ज्यांना मराठीचे पाणिनी म्हणतात अशा विद्वानाला पोरांसाठी खालच्या पायरीवर उतरायला कमीपणा वाटला नाही. आपण आपलं पोर एक पायरी खाली उतरलं तर तोंड लपवतो.

असो. सुरतेच्या त्या सुटीत पुढे काय झालं ते सांगतो.

पुस्तकं शोधायला फार लांब जावं लागलं नाही. ‘प्रथम बुक्स’ची पुस्तकं चार पातळ्यांत असतात आणि पातळीचा आकडा मुखपृष्ठावर असतो. पहिल्या पातळीत थोडे, सोपे, पुन्हा पुन्हा येणारे शब्द, एकूण अडीचशेच्या आत. दुसऱ्या पातळीत सहाशेपर्यंत, तिसरीत दीड हजारापर्यंत आणि चौथीत त्याहून मोठ्या गोष्टी. २०१५ पासून त्यांच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर ती फुकट वाचता येतात, मराठीतही आणि गुजरातीतही. म्हणजे एकच गोष्ट पोराने दोन्ही लिप्यांत वाचावी! शिवाय माधुरी पुरंदरे यांनी संपादित केलेले ‘वाचू आनंदे’चे भाग आहेत. त्यांत बालगट आणि कुमारगट असे वेगळे केले आहेत आणि शब्दांइतकाच चित्रांचा विचार केला आहे. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून चालू आहे, ते जरा मोठ्या मुलांसाठी. म्हणजे मराठीत पायऱ्या अगदीच नाहीत असं नाही. दुकानात ‘कितवीला?’ याऐवजी ‘काय वाचतो?’ असं विचारलं तर त्या दिसायला लागतात.

पहिलं पुस्तक भाच्याने पाहिलं आणि बाजूला सारलं. ‘मामा, हे बालवाडीचं आहे.’ मी काही बोललो नाही. घरात त्याची पाच वर्षांची बहीण होती. मी तिला म्हटलं, ‘बाय, तुला गोष्ट कोण वाचून दाखवणार? मामाला चष्मा सापडत नाही.’ मग काय, स्वारी थोरला भाऊ म्हणून पुढे सरसावली! बालवाडीचं पुस्तक बालवाडीतल्या बहिणीला वाचून दाखवण्यात कसली आली लाज? उलट तो मास्तरच झाला. चित्रावर बोट ठेवून तिला प्रश्न विचारू लागला. एक गोष्ट तिने पाच वेळा वाचून घेतली, लहान मुलांना तेच तेच आवडतं. त्या पाच वेळांत याची जोडाक्षरं कधी सुटली, त्यालाही कळलं नाही. चार दिवसांत पहिल्या पातळीची गोष्टींची पुस्तकं संपली, कारण ती त्याला खरोखरच सोपी होती. दुसऱ्या पातळीत तो जरा थबकला. तिथे बोटं मिटायची, पण दोन-तीनच. तेच त्याचं घर होतं.

‘श्यामची आई’चं काय करायचं? ती परत फळीवर ठेवायची नव्हती. ज्या पुस्तकात मूल स्वतः अडखळतं तेच पुस्तक कुणी वाचून दाखवलं तर त्याला कळतं. लहान वयात कानाची पातळी डोळ्याच्या पातळीपेक्षा बहुधा पुढे असते. म्हणून रात्री जेवणं झाल्यावर बहीण वाचायची आणि आम्ही सगळे ऐकायचो. शेजारच्या कारखान्यातल्या लूमची खटखट चालूच असायची. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, हे आजींना माहेरच्या माणसाची ओळख सांगावी तसं माहीत. अक्षरओळख नसलेल्या त्या माउलीने पदराने डोळे पुसत पुसत सगळं ऐकलं. पडवी म्हणजे काय ते बहिणीने आमच्या गावच्या घराचा फोटो मोबाइलवर दाखवून सांगितलं. मोठं पुस्तक ऐकायचं आणि आपल्या जोगं पुस्तक आपण वाचायचं, अशी वाटणी झाली आणि कुठल्याच पुस्तकावर अन्याय झाला नाही.

मी परतल्यावर काही महिने तो मला व्हॉट्सअ‍ॅपवर वाचून पाठवायचा. आवाजात मागे बहिणीचं खिदळणं, कधी कुकरची शिटी. शाळा बदलायचा विषय मागे पडला. आज तो सहावीत आहे. लगेच राजहंस झाला असं मी सांगणार नाही. वर्गात पहिला-दुसरा येत नाही, जाड चरित्राचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही. पण तिसऱ्या पातळीच्या गोष्टी तो आपणहून वाचतो आणि ‘मामा, याच्यापुढचं पाठव’ म्हणतो. ‘याच्यापुढचं’ हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. आपण कुठे उभे आहोत हे ज्याला कळलं आहे, तोच पुढचं मागू शकतो.

यावर एक आक्षेप हमखास येतो. सोपं सोपं वाचून मुलं आळशावतील, त्यांना कठीण वाचायची सवय कशी लागणार? ज्येष्ठ मंडळी सांगतात, ‘आम्ही नाही का लहानपणीच मोठमोठी पुस्तकं वाचली?’ वाचली असतील. पण त्यांच्याबरोबर वर्गात बसलेल्या बाकीच्या तीस-पस्तीस जणांचं काय झालं, हे कुणी सांगत नाही. जे वाचू शकले ते आज व्यासपीठावर आहेत, जे अडखळले ते गप्प आहेत. त्यांनी पुस्तकाचं नावच टाकलं. आणि सोप्याचं म्हणाल तर सोप्यात मूल फार दिवस रमत नाही. सायकल तोल सांभाळून चालवता आली की दोन चाकांची जोड कोण ठेवतं? मात्र एक खरं, पायरी खालची असली तरी ती जिना आहे हे विसरता कामा नये. चौथीच्या मुलाला कायम दुसरीचंच देत राहिलं तर तोही अन्यायच. दर पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा बोटं मोजली पाहिजेत. २०२१ साली सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ योजनेत तिसरीअखेर मुलाने समजून उमजून वाचावं असं उद्दिष्ट ठेवलं आहे. ते गाठायचं तर प्रत्येक मूल आज कुठे आहे हे आधी बघावं लागेल. आणि ते बघायला योजनेपेक्षा घरातलं एखादं माणूस जास्त सोयीचं.

आणखी एक उणीव मात्र आहे, ती लेखक मंडळींच्या कानावर घालतो. दहा-अकरा वर्षांच्या, पण अजून सोपंच वाचू शकणाऱ्या मुलासाठी मराठीत फार थोडी पुस्तकं आहेत. सोपी पुस्तकं आहेत ती ससा-कासवांची. या वयाच्या पोराला क्रिकेट हवं, भांडण हवं, रहस्य हवं, पण छोट्या वाक्यांत आणि मोकळ्या अक्षरांत. ‘फास्टर फेणे’सारखं काहीतरी, पण निम्म्या शब्दांत. असं लिहिणं सोपं नाही, पण त्याची वाट बघणारी पोरं सुरतेतही आहेत आणि साखळीतही.

आपल्या गोव्यात वाचन सप्ताह होतात, वक्तृत्व होतं, बक्षिसादाखल पुस्तकं वाटली जातात. चांगलंच आहे. माझी विनंती एवढीच की यंदा बक्षिसांची पुस्तकं निवडण्याआधी कुणीतरी एक दिवस त्या मुलांजवळ बसावं, त्यांच्याकडून एकेक पान वाचून घ्यावं आणि बोटं मोजावीत. मग यादी करावी. यादीत एक रकाना वाढेल. त्यासाठी वरून परिपत्रक यायची गरज नाही, पट्टी घेऊन आपणच एक रेघ मारायची आहे.